बाकाखालचं दोन इंची भोक

मी पोचले तेव्हा नळाला उत्तम पाणी होतं. बोंद्रे काकांनी तो तीनदा उघडून दाखवला. दर वेळी पाणी आलं की त्यांचा चेहरा आणखी पडला.

"सकाळी नव्हतं हो. दोन दिवस सकाळी ठणठणाट. आणि आता इंजिनिअर दारात आली तर धो धो."

"पेशंट दवाखान्यात गेला की ताप उतरतो, तसं आहे ते," काकू आतून म्हणाल्या.

पेशंट म्हणजे काकांचा ट्रॅव्हल ट्रेलर. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. झोपायला पलंग, जेवायला टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना खोक्यासारखी बाकं, छोटं किचन, बाथरूम. मी पेनसिल्व्हेनियातल्या असे ट्रेलर बनवणाऱ्या एका कंपनीत थर्मल इंजिनिअर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर थंडीत ट्रेलरमधलं पाणी गोठू नये, याचा पगार मला मिळतो.

हे काम माझ्याकडे कसं आलं याची मलाच कधीकधी गंमत वाटते. मी जिंतूरची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बर्फ आम्ही पाहिलेला तो फक्त गोळेवाल्याकडे. सातवीत चव्हाण सरांनी काचेची बाटली काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं आणि गावातल्या बर्फाच्या कारखान्यात ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी ती फुटलेली बाटली त्यांनी टोपलीतून वर्गात आणली. पाणी गोठलं की फुगतं आणि फुगताना कुणाचं ऐकत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. आज माझं सगळं काम त्या बाटलीभोवती फिरतं. सरांना मी हे फोन करून सांगितलंही आहे.

तर बोंद्रे काका आणि काकू जॉर्जियातल्या अल्फारेटाचे. काका आयटीतून नुकतेच रिटायर झालेले. त्यांची मुलगी केतकी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करते. तिला मुलगी झाली होती, नऊ दिवसांची. केतकी आणि तिचा नवरा एका अपार्टमेंटमध्ये राहतात आणि किचन दुसऱ्या एका स्टुडंट जोडप्याबरोबर शेअर करतात. तिथे बाळंतपण करायचं कसं? म्हणून काकांनी ट्रेलर जॉर्जियाहून ओढत आणला आणि गावाबाहेरच्या, हिवाळ्यातही उघड्या असलेल्या कॅम्पग्राउंडवर लावला. काकू ट्रेलरमध्ये स्वयंपाक करायच्या आणि काका दोन वेळा गरम डबा मुलीकडे पोचवायचे.

पाणी दोनदा गोठल्यावर काकांनी आमच्या हेल्पलाइनला फोन केला. माझी बॉस मार्शा हिने आडनाव पाहिलं आणि केस माझ्याकडे ढकलली. तिला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं. चूक ट्रेलरची की वापरणाऱ्याची?

काकांना वेगळंच उत्तर हवं होतं. शुक्रवारी रात्री पारा उणे अठरापर्यंत उतरणार होता. त्यांनी मला सरळ सांगितलं, "त्या रात्रीही पाणी गोठलं तर शनिवारी सकाळी आम्ही परत निघणार. पाइप फुटला, आत पाणी झालं, तर रस्त्यावर यायचं का या वयात?"

काकू पोळी लाटत होत्या, त्या लाटतच राहिल्या. त्यांना सव्वा महिना पुरा करायचा होता. नऊ दिवस झाले होते.

दिवस बुधवार होता.

मी बाहेरून सुरुवात केली. कॅम्पग्राउंडच्या नळापासून ट्रेलरपर्यंत येणारा पाइप आतून तारेने गरम होणारा होता. हात लावून पाहिला, कोमट. ट्रेलरखालून वारा जाऊ नये म्हणून काकांनी चारही बाजूंनी फोमच्या पाट्या लावल्या होत्या, सांध्यांना टेपसुद्धा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद होता. तो उघडा ठेवला तर थेंब थेंब जाणारं पाणी बाहेरच्या पाइपात गोठत जातं आणि शेवटी बूच बसतं. काकांना ते ठाऊक होतं. त्यांना सगळंच ठाऊक होतं. त्यांनी एक स्प्रेडशीट केली होती. बाहेरचं तापमान, आतलं तापमान, गॅस किती गेला, पाणी किती वाजता बंद पडलं, किती वाजता परत आलं. एवढं नीट काम आमच्या टेस्ट लॅबमध्येही सगळे करत नाहीत, असं मी म्हटलं. काका खूश झाले आणि त्यांनी मला अहोजाहो करायचं सोडून दिलं.

आत शिरले आणि मला गुन्हेगार सापडला. टेबलाशेजारी एक इलेक्ट्रिक हीटर मस्त चालू होता.

हे जरा समजावून सांगते. ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारी भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. ती गरम हवा खोलीत सोडते. तिचेच काही फाटे खाली, पाण्याच्या टाक्यांकडे आणि पाइपांकडेही जातात. म्हणजे माणसं आणि पाइप एकाच भट्टीवर शेकतात. पण खोलीत वेगळा हीटर लावला की थर्मोस्टॅटला वाटतं, झालं, खोली गरम आहे, आता फर्नेस कशाला? फर्नेस बंद राहते. माणसं उबेत आणि खाली पाइप गारठलेले. लोकांना हे खरंच वाटत नाही. घरात घाम येतोय आणि नळ गोठलाय, असं कसं?

काकांनाही खरं वाटलं नाही. पण मी कागदावर चित्र काढून दिलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या फोरमवर वाचलं, हे कसं सुटलं माझ्या नजरेतून?"

हीटर बंद करून घेतला. फर्नेस वीसवर लावली. तरी खात्री असावी म्हणून चार लॉगर लावले. लॉगर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र, दर पाच मिनिटांनी तापमान लिहून ठेवतं. एक खोलीत, एक बाथरूमच्या सिंकखाली, एक टाक्यांजवळ. चौथा टेबलाच्या बाकाखाली. तिथे पाण्याचा पंप असतो आणि किचनकडे जाणारा पाइप बाहेरच्या भिंतीला लागून जातो.

बाकाची फळी उचलली. आत डबे. स्टीलचे, प्लास्टिकचे, एकावर एक, कडेला पिठाच्या पिशव्या. डिंक, अळीव, खारीक, मेथी, बाजरीचं पीठ, गूळ. सगळं अल्फारेटाहून आणलेलं. इथल्या दुकानातल्या अळिवावर काकूंचा विश्वास नव्हता. प्रत्येक डब्यावर पट्टी, त्यावर काकूंचं अक्षर.

मी लॉगर पुढच्या दोन डब्यांच्या मध्ये सरकवला आणि फळी खाली ठेवली.

मोटेलवर जाऊन मार्शाला ईमेल केला. कारण सापडलं, स्पेस हीटर, वापरणाऱ्याची चूक. तिचं उत्तर आलं, "गुड."

गुरुवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन. "बेटा, पाणी नाही."

गाडीत बसून मी स्वतःशीच हिशेब मांडत होते. हीटर चालू केला असेल का? नव्हता. फर्नेस बंद पडली का? नव्हती, फोनवर तिचा आवाज ऐकू येत होता. मग?

पोचल्याबरोबर लॉगर वाचले. खोली वीस. टाक्या सात. सिंकखाली तेरा. बाकाखाली अकरा. पाणी शून्याला गोठतं. माझ्या आकड्यांप्रमाणे या ट्रेलरमध्ये काहीही गोठलेलं नव्हतं.

"म्हणजे कागदोपत्री पाणी आहे," काका म्हणाले.

मी हात धुवायला म्हणून सवयीने बाथरूममध्ये गेले, नळ फिरवला, आणि पाणी आलं.

मी बाहेर येऊन विचारलं, "काका, आधीच्या दोन्ही वेळी कुठला नळ बंद होता?"

"किचनचा."

"आणि बाथरूमचा?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "तो चालूच होता की. मी त्यातूनच पातेल्यात पाणी घेतलं."

काकांच्या स्प्रेडशीटमध्ये सगळे रकाने होते, कुठला नळ हा एक नव्हता. आणि बुधवारी मीही तो प्रश्न विचारला नव्हता. पाणी बंद म्हणजे सगळं बंद, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. बाथरूमला पाणी आहे म्हणजे बाहेरचा पाइप ठीक, टाकी ठीक, पंप ठीक. गोठतंय ते पंप आणि किचन यांच्यामधल्या चार फुटांत. बाकाखाली. डब्यांच्या मागे.

मला तेव्हा माझी चूक कळली. एखाद्या अमेरिकन कस्टमरचा ट्रेलर असता तर बुधवारीच मी ते बाक दोन मिनिटांत रिकामं केलं असतं. टूलबॉक्स असो, कुत्र्याचं खाणं असो, सगळं जमिनीवर काढून पाइपाला हात लावला असता. तो आमचा पहिला नियम आहे. आकडा वाचण्याआधी पाइपाला हात लावायचा. पण ते बाळंतिणीचं सामान होतं. दुसऱ्याच्या घरातल्या डब्यांना न विचारता हात घालायचा नाही, हे मला आईने शिकवलेलं, आणि विचारायचं मला सुचलं नाही. इंजिनिअर म्हणून गेले होते आणि पाहुणीसारखी वागले.

"काकू, हे सगळं बाहेर काढू का?"

"अगं काढ की. त्यात काय विचारायचं?"

आम्ही तिघांनी मिळून डबे काढले. मागच्या रांगेतले डबे हाताला चटका बसावा इतके गार होते. शेवटची पिठाची पिशवी उचलली तर भिंतीलगतच्या पाइपावर पांढरं दव गोठलेलं. पुढे अकरा अंश आणि दीड फूट मागे बर्फ. मधल्या पिठाने खोलीची ऊब मागे जाऊच दिली नव्हती. दुपारी ऊन त्याच भिंतीवर यायचं, म्हणून मी आले तेव्हा नळ धो धो चालला होता.

पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. कारण त्या कोपऱ्यात गरम हवेचं एक दोन इंची भोक आहे. मला माहीत होतं, कारण ते भोक मीच ड्रॉइंगमध्ये घातलं होतं. फर्नेसचा एक फाटा खास त्या पाइपासाठी. डबे कितीही भरा, ती हवा थेट पाइपावर येते. मग ती जात कुठे होती?

टॉर्च मारला. भोकात जुन्या सुती साडीचा बोळा होता. नीट दाबून, कडा आत दुमडून बसवलेला.

"हा कुणी घातला?"

"मी," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अपराध वगैरे काही नव्हता. "तिथून गरम वारं येत होतं. गुळाची ढेप पाझरायला लागली. पीठ पण तापत होतं, चार दिवसांत कडू झालं असतं. मला वाटलं बनवणाऱ्यांनी चुकून ठेवलंय भोक, बुजवायचं राहून गेलं. कपाटात कुणी गरम वारं सोडतं का?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तुम्ही फोम लावायला ट्रेलरच्या खाली होतात. मी वरचं भोक बुजवलं. दोघंही वारंच अडवत होतो."

बाई बरोबर होती. स्वयंपाकघर चालवणाऱ्या कुणालाही, धान्याच्या जागी गरम हवा सोडणारं भोक ही चूकच वाटेल. ते भोक काढताना मी पाइपाचा विचार केला होता. त्या बाकात लोक काय ठेवतील, याचा केला नव्हता.

बोळा काढला. केतकीचा हेअर ड्रायर मागवला आणि नळाच्या बाजूने पंपाकडे, हळूहळू पाइप गरम करत गेले. नळ उघडा ठेवूनच हे करायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. वीस मिनिटांनी नळ खोकला, थुंकला आणि वाहायला लागला. कोपऱ्यातला प्लास्टिकचा जोड बोटांनी चाचपला. आधी तोच तडकतो. शाबूत होता.

गूळ आणि पिठं पलंगाखालच्या खणात गेली. बाकात परत गेले ते फक्त धुतलेले टॉवेल, तेही भोकापासून हातभर लांब. "बाळासाठी गरम टॉवेल मिळतील आयते," काकू म्हणाल्या. या वेळी चौथा लॉगर मी पाइपालाच बांधला.

मग मार्शाला फोन केला आणि कालचा ईमेल मागे घेते म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक कुणाची? त्यांची की आपली?"

"भोक कशासाठी आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. मॅन्युअलमध्येसुद्धा नाही."

"ते भोक कुणी ड्रॉ केलं?"

"मी."

ती मग म्हणाली, "रिपोर्टमध्ये लिही. आणि उपाय पण लिही."

शनिवारी सकाळी मी फोन समोर ठेवून चहा घेत बसले होते. शुक्रवारी रात्री पारा सांगितल्याप्रमाणे उणे अठराला गेला होता. आठ वाजले, सव्वाआठ झाले. साडेआठला काकांनी एक फोटो पाठवला. किचनचा नळ, वाहता. खाली लिहिलं होतं, "पाइप नऊ अंश. आम्ही निघत नाही." स्प्रेडशीटही जोडली होती. तिच्यात दोन नवे रकाने होते, किचन आणि बाथरूम.

त्यांनी सव्वा महिना पुरा केला. बारशाला मला बोलावलं, मी गेले. पाळणा केतकीच्या अपार्टमेंटमध्ये बांधला होता, जेवण ट्रेलरमध्ये होतं. काकूंनी निघताना डिंकाच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि रिकामा परत करायची घाई नाही म्हणाल्या.

आमच्या नव्या ट्रेलरमध्ये त्या भोकावर आता एक जाळी असते आणि जाळीवर स्टिकर. मजकुरावर तीन मीटिंगा झाल्या. आमच्या वकिलांना लांबलचक सूचना हवी होती. शेवटी छापलं ते एवढंच: हे भोक पाइपांसाठी आहे, बुजवू नका, इथे खाण्याचे पदार्थ ठेवू नका. गेल्या हिवाळ्यात एका ट्रेलरवर गेले तर त्या जाळीला कुणीतरी स्टिकरसकट टेप लावलेली होती. आत चॉकलेटं होती.

त्यामुळे आता मी दारातून आत शिरले की आधी कुठला नळ ते विचारते, आणि लगेच बाक रिकामं करायची परवानगी मागते. लॅपटॉप नंतर उघडते.