दादाच्या गाडीचं जड पेडल

धाकट्याने चौथ्यांदा अ‍ॅक्सिलरेटरची दांडी सोडवली, पुसली, सांध्यांना तेल दिलं आणि पुन्हा बसवली. हाताने ओढली की कार्बोरेटरची झडप अलगद उघडायची, सोडली की टक्कन मिटायची. तरी दादाचं एकच पालुपद, "पेडल जड आहे. तुझ्या हाताला काय धाड भरलीय?"

ही बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार दोघा भावांनी तीस वर्षांपूर्वी भंगारातून आणली होती. मूळचं इंजिन दमेकरी, म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन तिच्या पोटात कोंबलं. जागा पुरेना, तेव्हा पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची दांडी धाकट्याने दोनदा वाकवून, तीन सांधे घालून आडवाटेने नेली. तेव्हापासून गाडीचं काहीही बिनसलं की खापर त्या दांडीवर फुटायचं, म्हणजे धाकट्यावरच. वाटणीही तेव्हाच ठरली. बॉनेटखाली धाकटा, स्टिअरिंगवर दादा. धाकटा त्या सीटवर कधी बसला नाही. कोणी मनाई केली नव्हती, पण दादाच्या ताटात जेवायला कोणी बसतं का?

पोटासाठी धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि दादा कापडाच्या दुकानात मान खाली घालून मापं घ्यायचा. रविवारी घाटात गाडी घातली की हाच दादा शीळ घालायचा. त्या शिळेसाठी धाकट्याने तीस वर्षं नखांतलं ग्रीस मिरवलं. आता महिनाभर गाडी शेडमध्ये उभी होती आणि शीळ बंद होती.

वहिनी चहा घेऊन शेडमध्ये आल्या. "भावजी, गाडी राहू द्या. आधी तुमच्या दादांच्या चपलेला एखादा स्क्रू मारा. उजवी सारखी मागे राहते. आज जिन्यातच राहिली आणि स्वारी एका चपलेवर दुकानाला निघाली! फाटकातून हाक मारली तेव्हा कळलं."

वहिनी हसत गेल्या. धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला. अण्णांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, उजवी चप्पल अशीच निसटायची. तेव्हाही घर हसलं होतं. मग पाय फरफटायला लागला, मग काठी आली, मग खाट. दोन वर्षांत सगळं आटोपलं. अण्णांना कुशीवर वळवायला हेच दोघे भाऊ होते.

धाकटा पिसाटल्यासारखा कामाला लागला. आयुष्यभर बिघाडाच्या नावाने बोटं मोडणारा माणूस आज बिघाडासाठी नवस बोलायला तयार होता. एक तरी सांधा गंजलेला निघू दे, एक तरी वॉशर घासलेलं निघू दे! त्याने पेडलची कडी उघडली, खालची चटई ओढून काढली. सगळं ठणठणीत. झडप मिटवून धरणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक काढली तर पेडल हलकं झालं असतं. त्याने ती काढलीसुद्धा. पण उरलेली एखाद्या वळणावर तुटली तर झडप उघडीच राहील आणि दादा दरीत जाईल. त्याने ती परत अडकवली.

आता एकच जागा तपासायची राहिली होती. तो दादाच्या सीटवर बसला, इंजिन चालू केलं आणि उजवा पाय पेडलवर ठेवला. ते सरळ तळापर्यंत गेलं. इंजिन गरजलं, शेडचे पत्रे थरथरले. इतकं हलकं पेडल! महिनाभर त्याने सगळं हाताने तपासलं होतं, एकदाही पायाने नाही. तो रडत होता आणि पाय काढायचं त्याला सुचत नव्हतं.

पाय काढला तेव्हा दारात दादा उभा होता.

"जडच आहे, दादा," धाकटा घाईने म्हणाला. "तू म्हणतोस तेच खरं. अजून दोन दिवस दे, सांधेच बदलतो."

"फाटकापासून इंजिन ऐकलं मी," दादा म्हणाला. "उठू नकोस."

गाडीला वळसा घालून तो पलीकडच्या दारापाशी आला. सीटवर टेकला, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. चप्पल बाहेरच पडली. धाकटा उतरू लागला तसा दादाने त्याचा दंड धरला.

"अण्णांनी चपला बदलून बघितल्या होत्या," तो म्हणाला. "मी तुला दांडी खोलायला लावली. घाटात घे."

धाकट्याने गिअर टाकला.