क्वान्सा मास्तरांची लेखी तक्रार

एबो क्वान्सा मास्तर नाकावर माशी बसू देत नसत, आणि सेगूत माशांना काही तोटा नाही. भर एप्रिलात, झाडाखालची गाढवंसुद्धा डोळे मिटून उभी असायची तेव्हा, हा माणूस टाय बांधून शाळेत निघायचा. केप कोस्टला त्यांनी बारा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, विभागप्रमुखाची खुर्ची उबवली होती. तिथं मास्तर समोरून आले की पोरं भिंतीला चिकटायची. इथं मालीतल्या सेगूला आले आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदारानं त्यांना हाक मारली, "ए चवळीखाऊ, उशीर झाला की रे!"

मागून चालणाऱ्या अराबाला हसू आवरेना. नवऱ्याची मान वळायच्या आत तिनं ते खोकल्यात घातलं. सहा वर्षांच्या संसारात ही कला तिला चांगली साधली होती.

त्याचं असं झालं होतं. आल्या दिवशी प्राचार्य देम्बेले यांनी दोघांना समोर बसवलं आणि आडनाव विचारलं. 'क्वान्सा' हा शब्द त्यांनी दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला.

"हे इथं चालायचं नाही. अशा आडनावाच्या माणसाशी कुणी काय बोलायचं? आजपासून तुम्ही त्राओरे." मग ते अराबाकडे वळले. "आणि बाई, तुम्ही?"

"मीपण त्राओरेच ना?"

"वा! नवऱ्याचं लावायला तुम्हाला काय बाप नाही? तुम्ही जारा."

प्राचार्यांनी हे मुद्दाम केलं की सहज, ते त्यांनाच ठाऊक. कारण त्राओरे आणि जारा हे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. त्राओरे दिसला की जारानं 'चवळीखाऊ' म्हणत त्याचा पाणउतारा करायचा आणि त्राओरेनं तो व्याजासकट परत करायचा. रागवायचं नाही. रागावला तो हरला. दोन अनोळखी माणसं बसमध्ये शेजारी बसली, आडनावं कळली, की उतरेपर्यंत एकमेकांचे सात बाप उद्धरतात आणि उतरताना एकमेकांची बोचकी उचलून देतात. एवढ्या मोठ्या मुलखात सगळ्यांचं कसं जमतं, असं कुणी विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, भांडण आधीच करून ठेवलेलं असतं म्हणून.

अराबाला हे आडनाव पहिल्या दिवसापासून अंगाला बसलं. केप कोस्टला ती होती 'क्वान्सा टीचरांची बायको'. शिकवायची तीही, पण बालवर्गाला, आणि सासूबाईंच्या मते ते शिकवणं नव्हतंच, नुसतं पोरं राखणं होतं. इथं तिला स्वतःचं आडनाव होतं, नववीचा वर्ग होता, आणि सोमवारच्या बाजारात मासळीवाल्या लांबून ओरडायच्या, "जारा! आमची बहीण आली!" वर्गात तर तिनं कमालच केली. त्राओरे पोरांना एका बाजूला बसवलं, जारांना दुसऱ्या, आणि सांगितलं, काय पाणउतारा करायचा तो करा, पण इंग्रजीतून. ज्या पोरांच्या तोंडून वर्षभरात इंग्रजीचं अक्षर निघालं नव्हतं ती आता शिव्या हुडकायला शब्दकोश मागू लागली.

पलीकडच्या वर्गात मास्तर फळ्यावर नियम लिहीत आणि मुलं ते उतरवून घेत. त्या वर्गातून आवाज यायचा तो फक्त खडूचा.

घरी मास्तर जेवायला बसत तेव्हा अराबा त्यांच्या ताटाकडेच बघत राहायची. बाजरीच्या पिठाचा 'तो' नावाचा शिजवलेला गोळा आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण ते दोन घासांत बाजूला सारत.

"केंके नाही मिळत का कुठं?"

"केंकेसाठी मक्याचं पीठ आंबवायला ठेवलंय, टीचर. पण या उन्हात ते एका दिवसात आंबतं आणि दुसऱ्या दिवशी बंड करतं."

"मासा तरी नीट तळलेला?"

"नदीचा आहे. समुद्राचा हवा तर समुद्र आणावा लागेल."

मास्तर हात धुऊन उठत.

नळावरच्या बायकांना मात्र हे काही पटेना. "नवरा त्राओरे मिळाला आणि तू त्याला अहो-जाहो करतेस?" एकजण म्हणाली. "अगं, वाढलेलं ताट समोर आहे आणि तू उपाशी बसलीस! मला असा मिळाला असता तर सकाळी उठवतानाच सुरुवात केली असती."

अराबानं एकदा धीर करून बघितलं. सकाळी चहा देताना म्हणाली, "उठा हो त्राओरे, तुमच्या घोरण्यानं नदीतल्या होड्या वाट चुकल्या." मास्तरांनी कप खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. पुन्हा तिनं तो नाद केला नाही.

पण रखवालदार न्ची जारा थोडाच थांबणार होता! सत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, फाटकाशी स्टुलावर बसून चहाची छोटी किटली सांभाळणारा. अराबाला तो सख्खी बहीण मानायचा. म्हणजे त्राओरे हा सोयरा तर झालाच, वर मेहुणाही झाला. आता मेहुण्याला कोण सोडतो? मास्तर फाटकात आले की न्ची उठून उभा राहायचा, वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "ये रे माझ्या गुलामा. तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं फुटक्या टोपलीवर विकत घेतला होता. टोपली महाग पडली."

त्याचं बोलणं अराबाच्या वर्गातली पोरं मास्तरांना हौसेनं इंग्रजीत करून सांगत. चवळी मास्तरांनी एकवेळ गिळली असती. 'गुलाम' हा शब्द त्यांना गिळवेना.

"रोज गुलाम म्हणतो तो मला," एका संध्याकाळी ते म्हणाले.

"गमतीनं म्हणतो, टीचर. इथं सगळेच म्हणतात."

"आपल्या गावच्या किनाऱ्यावर तो किल्ला आहे. त्याच्या तळघरांतून माणसं गुलाम म्हणून जहाजात भरली, ती गंमत होती का? माझी आजी त्या भिंतीजवळून जाताना पदर तोंडावर घ्यायची, अराबा."

अराबाची आजीही तेच करायची.

"महिनाअखेर एकतर तो जाईल, नाहीतर मी," मास्तर म्हणाले. "आणि मी गेलो म्हणजे तू येशीलच."

त्या शेवटच्या शब्दानं अराबाला रात्रभर झोप लागली नाही. तिला इथून जायचं नव्हतं. बालवर्ग नको होता, सासूबाईंची खोली झाडणं नको होतं. पण नवरा एकटा परत जातो आणि बायको परमुलखात मागं राहते, हेही तिच्या रक्तात नव्हतं.

मास्तरांनी काय केलं ते तिला गुरुवारी दुपारी कळलं. त्यांनी लेखी तक्रार दिली होती. टाईप केलेली, मुद्देसूद, खाली सही आणि तारीख. शाळेच्या इतिहासातली ही पहिलीच लेखी तक्रार. सेगूत माणसं भांडतात, मध्यस्थ घालतात, समेटासाठी कोलाच्या बिया पाठवतात. एका थट्टेच्या सोयऱ्याविरुद्ध टाईप करून अर्ज करणं हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. पण नियमात होतं, लेखी तक्रार सर्व शिक्षकांसमोर वाचावी आणि मग शाळेच्या मालकांकडे पाठवावी. मालक बामाकोला राहायचे आणि चौकशीच्या भानगडीत पडायचे नाहीत. ज्याची तक्रार तो माणूस बदलून मोकळे व्हायचे.

सभा भरली. न्चीला बोलावून दाराशी उभं केलं. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. नेहमी बडबडणारा म्हातारा गप्प उभा राहिलेला पाहून अराबाला भडभडून आलं.

प्राचार्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्यांचं इंग्रजी नमस्कारापुरतं. "जारा बाई, तुम्हीच वाचा. म्हणजे आम्हाला समजेल असं, आपल्या बंबारात सांगत सांगत वाचा."

अराबानं कागद घेतला. समोर टाय नीट करून बसलेला नवरा, दाराशी म्हातारा. जसाच्या तसा वाचला तर म्हाताऱ्याचं फाटक गेलं. काही गाळलं तर नवरा उठून बस गाठणार, आणि त्याच्यामागून तिची पेटी. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तिनं घसा साफ केला, आणि ठरवलं असं नव्हे, पण तिच्या तोंडून जो सूर निघाला तो नळावरच्या जारा बाईचा होता.

"मुद्दा पहिला! सदर इसमाने तीन तारखेस सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला चवळीखाऊ असे संबोधले. वास्तविक आदल्या रात्री मी भात खाल्ला होता. साक्षीदार, माझी पत्नी."

कोपऱ्यातले गणिताचे मास्तर खुसकन हसले.

"मुद्दा दुसरा! सदर इसमाने माझ्या आजोबांस फुटक्या टोपलीवर खरेदी केल्याचा दावा केला. माझे आजोबा टपाल खात्यात होते व त्यांची निवृत्तीची कागदपत्रे उपलब्ध आहेत."

आता सगळी सभा हसत सुटली. भूगोलाच्या बाई टेबलावर आडव्या झाल्या. प्राचार्य चष्मा काढून डोळे पुसू लागले. "टाईप केलंय!" ते म्हणत होते. "अरे, जारांना उत्तर द्यायला या त्राओरेनं टाईप केलंय! सही केलीय!" न्चीचा जबडा खाली पडला होता आणि त्यातून हळूहळू हसू वर येत होतं. चाळीस वर्षांत कुठल्या त्राओरेनं त्याच्यावर एवढे कष्ट घेतले नव्हते.

अराबानं एकही शब्द बदलला नव्हता. मास्तर तिच्याकडे टक लावून पाहत होते, आणि तिला त्यांच्याकडे पाहायची छाती होत नव्हती. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा मुद्दा तिनं त्याच सुरात उडवला. मग सातवा आला आणि तिचा सूर गेला.

"सदर इसम मला रोज गुलाम म्हणतो," तिनं वाचलं. आवाज आपोआप खाली आला. "माझ्या गावच्या किनाऱ्यावर एक किल्ला आहे. तिथून माणसे नेली, ती परत आली नाहीत. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. हा शब्द मला ऐकवत नाही."

हसणारे थांबले. कुणीतरी खुर्ची सरकवली. न्ची दारातून पुढं आला आणि मास्तरांसमोर उकिडवा बसला.

"त्राओरे," तो म्हणाला, "हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या तोंडात तो शब्द खेळायला होता. तुझ्या घरात त्याच्यापायी माणसं मेलीत. तो मी खाली ठेवला. आज, इथं, सगळ्यांसमोर." मग त्यानं चांगला डोळा बारीक केला. "पण बाकीचे सहा मुद्दे मी सोडणार नाही हां. त्याला मालक आले तरी."

अराबानं ते इंग्रजीत सांगितलं. सगळे मास्तरांकडे पाहू लागले. आता ते 'मी हे गंभीरपणे लिहिलं होतं' असं म्हणाले असते तरी खोटं नव्हतं, आणि तसं म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं.

मास्तर उठले. कोटाचं बटण लावलं.

"प्राचार्य महाशय, अर्जात एक मुद्दा राहून गेला," ते आपल्या विभागप्रमुखी इंग्रजीत म्हणाले. "आठवा. अराबा जारा नावाच्या बाई गेली सहा वर्षं माझ्या घरात आहेत. माझं लिखाण मला न विचारता त्या हव्या त्या सुरात वाचतात. एवढी वर्षं मला वाटत होतं, या बाई फार कमी बोलतात. आज कळलं, मी ऐकत नव्हतो." ते थांबले. टायची गाठ त्यांनी सैल केली. "व्यवस्थापनास विनंती, या बाईंना सेगूतून कुणीही हलवू नये. त्यांच्या नवऱ्यालाही नाही. आणि शक्य झाल्यास त्याला त्यांच्या शेजारीच ठेवावं."

ते खाली बसले. त्या इंग्रजीतलं खोलीत अराबाखेरीज कुणालाच काही समजलं नव्हतं. प्राचार्य अधीर होऊन पुढं वाकले.

"काय म्हणाले? बाई, सांगा की! काय म्हणाले?"

अराबाला इंग्रजी येत होतं, फ्रेंच येत होतं, बाजारात भांडून भांडून बंबाराही आली होती. त्यातली एकही भाषा तिच्या मदतीला येईना. डोळे भरून आले होते आणि ते तिला खोकल्यात घालता येत नव्हते.

"ते सांगायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "ते माझं आहे."