माझे चौदा, आत्याचे दोन

आज १२ फेब्रुवारी. सकाळी फोटोला हार घातला, चहा केला, पेपर वाचला. दादा, म्हणजे माझे वडील, याच तारखेला गेले... मध्यप्रदेश होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील.

दादा गेले तेव्हा मला रडू आलं नाही. स्मशानातून परत आलो तरी डोळे कोरडेच. मला आतून फार लाज वाटत होती... आणि आत्या, दादांची धाकटी बहीण, माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरली. संस्थानी कचेरीच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा दादांनी आणलेली. मी तिच्यावर बसलो आणि डोळ्यांना धार लागली. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची, लोकांना तो दाबलेला हुंदका वाटायचा.

आत्या खूश झाली... म्हणजे दुःखात माणूस होऊ शकतो तेवढी. आल्यागेल्याला सांगायची, "वसंता बोलत नाही, पर अंदर से पूरा टूट गया है." इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यातले माझे सोबती आले, तेही मला बघून रडले. खरं सांगायचा धीर मला झाला नाही.

तेराव्यानंतरही शिट्टी थांबेना. आत्याच मला तुकोगंजात एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला गेलो तेव्हाही ती सोबत.

डॉक्टर म्हणाले, इओसिनोफिल चौदा टक्के. पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. पोटात जंत झाले की वाढतात, नाहीतर धुळीची अ‍ॅलर्जी असली की. श्वासनळीत गर्दी करतात, आतून सूज येते, वाट अरुंद होते, म्हणून शिट्टी.

मला आमची बैठक आठवली. तिथेही काम काही नसताना सगळे आत येऊन बसले होते... आणि श्वास कोंडला होता घरच्यांचा.

घरात काही जुनं, धुळीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सतरंजीचं सांगितलं. आत्या सावकाश माझ्याकडे वळली.

"म्हणजे दहा दिवस तू सतरंजीमुळे रडलास?"

ही आता साऱ्या इंदूरला सांगणार, असं वाटलं. पण आत्याने डॉक्टरांपुढे हात केला. "माझंही तपासा. मीपण त्याच सतरंजीवर बसले होते."

तासाभराने तिचे निघाले दोन टक्के. एकदम नॉर्मल. तिने तो कागद कंपाउंडरकडून दोनदा वाचून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. "बघ, माझं रडणं असली निघालं. डॉक्टरचा ठप्पा आहे." पुढे वर्षभर ती तो कागद लोकांना दाखवत होती...

परतताना टांग्यात तिने पदराची ती गाठ चाचपली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुझं रडू अजून यायचंय. येईल. घाई नको करू."

इतकं चांगलं माझ्याशी त्या दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

आत्या उज्जैनला आपल्या घरी गेली, त्यानंतरच्या रविवारी मी नाकाला रुमाल बांधून सतरंजी नळाखाली धुतली. दोरीवर टाकली तेव्हा ती ओलीगच्च होती, धुळीचा कण नव्हता. तरी डोळे पुसून पुसून रुमाल धुवावा लागला... पिळला आणि तिच्याशेजारी वाळत घातला.