दसऱ्याची अंघोळ

आईने तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ते बॉनेटवर उलटा हात ठेवत, डोळे मिटत आणि जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांना सांगत, "करंट आहे. फक्त रुसलाय."

असे गृहस्थ तुमच्याही गल्लीत असतील. आमचे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. खिळे आणि वॉशर देण्याघेण्यापलीकडे यंत्राशी त्यांचा संबंध नव्हता. पण कॉलनीतली एकुलती एक मोटार त्यांची, तेव्हा अक्कलही त्यांचीच. मेकॅनिकला ते दारात उभं करत नसत. "तो पैसे घेतो आणि बिघाड ठेवून जातो," म्हणायचे. हे बिघाड फुकट ठेवत.

एरवी गाडी बरी चालायची. नडायची ती दसऱ्याला. त्या दिवशी वाहनपूजा, म्हणून पहाटे उठून ते गाडीला अंघोळ घालत. बाहेरून घातली असती तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण हे बॉनेट उघडून इंजिनावरही बादल्या ओतत. मग प्लगच्या वायरींना हळद-कुंकू, बॅटरीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. वहिनी नवी साडी नेसून पुढच्या सीटवर येऊन बसत. किल्ली फिरे, गाडी दोनदा खोकून गप्प होई.

मग उपचार सुरू. बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी. फ्यूज काढून त्यावर फुंकर. प्लग घासायला ब्रश लागे, तो वहिनींच्या दातांचा. हॉर्न वाजला की "बॅटरी ठणठणीत आहे" असा निर्वाळा. शेवटी आम्हाला हाक, "जरा हात लावा हो!" नव्या कपड्यांत आम्ही गाडी चौकापर्यंत ढकलत न्यायचो आणि तशीच ढकलत परत आणायचो.

"अहो, इंजिनात पाणी गेलंय," वहिनी आतून म्हणत.

"मग काय पारोशी गाडी पुजायची?"

यावर आम्ही पोटभर हसायचो. पण त्यांच्या दृष्टीने ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वहिनींचे वडील निफाडचे द्राक्षबागाईतदार. मुलीने कारकून पसंत केला याचा त्यांना राग. भर मांडवात त्यांनी सुनावलं होतं, "दसऱ्याचं सोनं द्यायला सोताच्या मोटारीत या, मंग जावई म्हनीन." एवढ्या एका वाक्यापायी ती मोटार घेतलेली होती.

"येत्या रविवारी जाऊ या ना," वहिनी सुचवत.

"रविवारी कोणीही जाईल."

मग दरवर्षी एसटी. निफाडच्या स्टँडवर सासरे बैलगाडी घेऊन मुद्दाम उभे असत. "या, स्टोअरकीपर. आमची हाकली का निघती." हे वहिनींनीच आम्हाला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी वाळलेली मोटार पहिल्या किल्लीत चालू होई आणि हे छाती काढून म्हणत, "काल मी हात फिरवला त्याचा गुण!"

एका उन्हाळ्यात ते हृदयविकाराने गेले. शेवटपर्यंत निफाडला त्यांना नावाने किंवा नात्याने कोणी हाक मारली नाही.

त्या वर्षी दसऱ्याला सासरे मुलीला माहेरी न्यायला आले. सोबत ट्रॅक्टर चालवणारा धाकटा मुलगा होता. "मोटार काढ," म्हातारा त्याला म्हणाला. "तिच्यातच जायाचं."

वहिनींच्या सांगण्यावरून मी ती अधूनमधून चालू करून ठेवत होतो. तरी दसरा म्हटल्यावर आम्ही सवयीने मागे जाऊन हात टेकले. दुखवट्यातल्या घराची गाडी कोण धुणार? ती पहिल्या किल्लीत सुरू झाली.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. "एकदा... एकदा ऐकलं असतं तर!"

मला त्या माणसाचा त्या क्षणी भयंकर राग आला आणि रडूही आलं.

म्हाताऱ्याने खिशातून आपट्याचं पान काढलं आणि स्टिअरिंगपुढे काचेशी ठेवलं. "चला, जावईबापू," तो म्हणाला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. ढकलायला पुढे केलेले हात आम्ही खाली घेतले. तळव्यांना नुसती धूळ लागली होती.