आरमारप्रमुखाच्या गळ्यातला हार

झेंडू खुडल्यावर हाताला जो उग्र वास राहतो, तो आला की मला डब्लिनच्या धक्क्यावरची ती शिडी आठवते आणि डोकं फिरतं. सासरे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते आणि फिरता फिरता त्यांना नदीकाठी एका आरमारप्रमुखाचा पुतळा सापडला. माणूस मूळचा इथला, लहानपणीच देश सोडून गेलेला, आणि पुढे दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाच्या स्वातंत्र्ययुद्धात व्यापारी जहाजांवर तोफा चढवून लढलेला. त्याची कारकीर्द आम्ही महिनाभर रोज नाश्त्याला ऐकली. मग त्याच्या जयंतीला आबा माझ्या कुंड्यांतला सगळा झेंडू ओवून तयार. पुतळ्याच्या पायाशी पुष्पचक्रं होती, म्हणून मी म्हटलं, आबा, इथे ठेवूया. "पायाशी काऊन? हार गळ्यातच घालतेत ना बेटा." सासऱ्यांवर ओरडताही येत नाही. तिथला रखवालदार नाही म्हणाला, तर त्यालाही पहिल्या लढाईपासून सगळं ऐकवायला घेतलं. अर्ध्यातच तो बिचारा जाऊन शिडी घेऊन आला आणि "ग्रँड, गो ऑन" म्हणाला. आबांचे गुडघे दुखतात, म्हणून चढले मी. भणाणता वारा, फोटो काढणारे लोक, आणि खालून आबांच्या सूचना, थोडा डावीकडे घे. आता त्यांना विमानप्रवास झेपत नाही, पण दर जयंतीला न चुकता फोन येतो, "घातला का हार?" "थांबा हो जरा," मी शिडीवरूनच ओरडते, "पडेन मी."