शून्य नंबरचा वार

आमच्या बेक्वाई गावात दुफीसारखी बाई दुसरी नाही, आणि एक आहे तीच पुष्कळ झाली, असं तिची आई म्हणायची. आई बिचारी अर्धं बोलायची. उरलेलं अर्धं मी गावभर सांगतो.

दुफीचा धंदा वेबपेज बनवण्याचा. चर्चच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि एक मोडका सोफा. ती जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिते. त्या भाषेत ॲरे म्हणून एक प्रकार असतो. म्हणजे ओळीने मांडलेले डबे. प्रत्येक डब्यात एक वस्तू, प्रत्येक डब्याला नंबर. फक्त पहिल्या डब्याचा नंबर एक नसतो, शून्य असतो. एवढं कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. दुफीला मात्र ते इतकं भिनलं की ती सगळं जगच शून्यापासून मोजू लागली. मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे विकणाऱ्या केंकेवालीकडे जाऊन म्हणायची, "शून्य नंबरचा गोळा दे, गरम असेल तो." एकदा मी सहज विचारलं, "दुफे, तुला मागणी घालायला किती जण आले गं?"

"दोन. शून्य आणि एक. शून्याचं नाव काढू नका, क्वाकू आजोबा."

मी कसला ऐकतो. शून्याचं नाव मी त्याच संध्याकाळी शोधून काढलं. पण ते पुन्हा कधी.

या खोलीवर अम्पाडू मामाचा डोळा होता. कोफी अम्पाडू म्हणजे चर्चच्या कमिटीचा प्रमुख, आणि मयताला खुर्च्या भाड्याने देणारा. प्लास्टिकच्या खुर्च्यांचे डोंगर त्याच्या अंगणात उन्हापावसात पडलेले. आम्ही सगळे त्याला मामाच म्हणतो, मी त्याच्याहून मोठा असूनही. कारण तो तसंच वागतो.

"दुफी," तो दारात उभा राहून म्हणायचा, "तू विकतेस तरी काय? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आत जातं नि रिकाम्या हाताने बाहेर येतं."

"तुमच्यापेक्षा बरं, मामा. तुमच्या खुर्चीवर बसलेला रडल्याशिवाय उठत नाही."

अशा बोलण्याने खोल्या टिकत नाहीत. पण दुफीला कोण सांगणार.

आता हार्वेस्टचं, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाचं सांगतो. आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आधी चिकटतं, बाकीची नावं मागून येतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, गुरुवारचा यॉ, बुधवारचा माझ्यासारखा क्वाकू. हार्वेस्टच्या दिवशी चर्चमध्ये एकेका वाराची माणसं नाचत पुढे येतात आणि सुरण, केळीचे घड, कोंबड्या यांचा ढीग घालतात. ज्या वाराचा ढीग मोठा, तो वार वर्षभर मिशीला पीळ देणार. शुक्रवार दरवर्षी जिंकायचा, कारण शुक्रवारचा पुढारी अम्पाडू. गुरुवार दरवर्षी शेवटी. गुरुवारवाले इतके गरीब स्वभावाचे की हरल्यावर जिंकणाऱ्यांची भांडीही तेच घासायचे.

पण हल्लीच्या पोरांची नावं नुसती इंग्रजी. आपला वार कुठला हेच त्यांना माहीत नसतं, मग ती जिथे मैत्रीण दिसेल त्या वारात जाऊन बसतात. म्हणून कमिटीने ठरवलं की दुफीने एक पान बनवावं. माणसाने जन्मतारीख टाकायची, मोठ्या पडद्यावर त्याच्या वाराचं नाव येईल, आणि त्याने त्या रांगेत जायचं. अम्पाडू भर बैठकीत म्हणाला, "हार्वेस्टला यंत्र बरोबर चाललं तर खोली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही. चुकलं, तर दुसऱ्या दिवशी खुर्च्या आत." दुफी "चालेल" म्हणाली. तिच्या आईने डोक्याला हात लावला.

आदल्या रविवारी उपासनेनंतर चाचणी झाली. पहिले आमचे पाद्रीबाबा. जन्म मंगळवारचा, नाव क्वाबेना. पडद्यावर आलं, क्वाकू. मी म्हटलं, चला, चर्चचा मुख्य आमच्या बुधवारात आला, ढीग वाढेल. मग मी माझी तारीख टाकली आणि पडद्याने मला यॉ केलं. सत्तरी उलटल्यावर माणसाला नवीन नाव मिळतं तेव्हा गंमत वाटते, पण आपल्या वाट्याला गुरुवारची भांडी येणार हे लक्षात आलं की वाटत नाही. मंगळवारची एक अबेना बुधवारची अकुआ झाली, सोमवारचा एक क्वाजो मंगळवारचा क्वाबेना झाला. दुफी स्वतः रविवारची, अकोसुआ. ती सोमवारची अद्वोआ निघाली. लोक पोट धरून हसत होते.

शेवटी अम्पाडू उठला. खांद्यावरचं कापड सावरलं, जन्मतारीख सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणत टाकली. पडद्यावर आलं, कोफी.

"बघा," तो म्हणाला, "यंत्रालासुद्धा माणसाची पारख असते. बाकीच्यांचं काय करायचं ते बघ, दुफी. मी तोवर खोलीचं माप घेऊन ठेवतो."

आणि त्याने खरंच माप घेतलं, हातातल्या छत्रीने.

दुपारी मी तळलेल्या केळ्यांची पुडी घेऊन दुफीकडे गेलो. तिचं सांत्वन करायला, असं मी बायकोला सांगितलं होतं. दुफी पडद्याकडे बघत बसली होती.

"आजोबा, शाळेत वार म्हणायला कुठून सुरुवात करायचो आपण?"

"सोमवारपासून. रविवार शेवटी, आणि तो म्हटला की पळत घरी."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "तसेच भरले मी. ॲरेत पहिला सोमवार, शेवटचा रविवार. आणि यंत्राचा आठवडा रविवारपासून सुरू होतो. रविवार म्हणजे शून्य. यंत्र शून्य म्हणतं, शून्याच्या डब्यात सोमवार बसलेला. सगळं गाव एकेक घर पुढे सरकलं."

"अगं, गावाला शून्य शिकवणारी तू."

"आणि रविवारची असून रविवारलाच मागे बसवलं. हसा तुम्ही, हसून घ्या."

दुरुस्ती एवढीशी होती. शेवटचा डबा उचलायचा, सगळ्यांच्या पुढे ठेवायचा. तिने तसं केलं आणि मी पुन्हा क्वाकू झालो. बरं वाटलं. मी पुडी सोडली. दुफीने एक फोड उचलली आणि तिचा हात तोंडाजवळच थांबला.

"आजोबा, सगळे एक घर चुकले होते ना?"

"सगळे."

"मग अम्पाडू मामा बरोबर कसे आले?"

तिने हळूच मामाची तारीख टाकली, ती तर सकाळी त्यानेच ओरडून सांगितली होती. पडद्यावर आलं, यॉ.

माझ्या पोटात काय आनंदाचं कारंजं उडालं म्हणून सांगू. शुक्रवारचा सेनापती, आणि जन्म गुरुवारचा.

"तोंड उघडलंत तर बघा," दुफी म्हणाली.

"मी कुणाला सांगतोय. पण खोली हवी असेल तर एक ओळ जास्तीची लिही. अम्पाडू असेल तर कोफी दाखव. कुणाला कळतंय."

तिने एकदा खोलीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आज मामांना शुक्रवार दिला तर उद्या प्रत्येक जण आपल्या आवडीचा वार मागायला येईल. मग डबे कशाला मांडायचे, टोपलीच ठेवते दारात." आणि ती उठून अम्पाडूला सावध करायला गेली. मीही मागोमाग गेलो, चपला तिकडेच चालल्या होत्या.

"मामा, हार्वेस्टला तुम्ही तारीख टाकू नका. तुमचा वार सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे जे एकच उत्तर बरोबर आलं ते झाकायचंय तुला."

"तसं नाही, मामा. दुरुस्ती केलीये. उत्तर बदलू शकतं."

"सगळ्यात पहिला मीच टाकणार," अम्पाडू म्हणाला. "आणि जाताना ते दार नीट लाव, आतलं माप पुन्हा घ्यायचंय मला."

आता माणसाने इतक्या प्रेमाने खड्डा खणायला घेतल्यावर त्याची कुदळ कोण हिसकावणार.

हार्वेस्टला चर्च गच्च भरलं. शुक्रवारवाल्यांच्या ढिगात अम्पाडूचे केळीचे घड सगळ्यात वर. तो पुढे झाला, तारीख टाकली. पडद्यावर हे एवढं मोठं यॉ.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

"मोडलं," अम्पाडू म्हणाला. "होतं तेही बिघडवलं पोरीने. उद्या सकाळी खुर्च्या आणतो."

"इतरांचं बघू तर," पाद्रीबाबा म्हणाले आणि त्यांनी आपली तारीख टाकली. क्वाबेना. मी टाकली. क्वाकू. अबेना अबेना निघाली, क्वाजो क्वाजो. रांगच लागली, एकही चुकेना. प्रत्येक बरोबर नावासरशी लोकांचे डोळे एकदा पडद्याकडे आणि एकदा अम्पाडूकडे वळत होते. दुफी खाली मान घालून उभी. तिला खोली जाताना दिसत होती.

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. अम्पाडूची थोरली बहीण आफ्राकोमा. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकते.

"यंत्राला कशाला बोलतोस? गुरुवारीच झालास तू. बापाचं आणि यॉ काकाचं कोको वाळवायच्या चटईवरून भांडण झालं होतं. या घरात यॉ म्हणून हाक मारायची नाही, अशी शपथ घेतली होती बापाने. आणि तू नेमका गुरुवारी टपकलास. त्याने दार लावून घेतलं, शुक्रवारी सकाळी उघडलं, नि म्हणाला, आत्ताच झाला."

"आणि तारीख?" अम्पाडूचा आवाज बारीक झाला होता.

"तारीख आईने सांगितली पाद्र्याला. आईचं काकाशी भांडण नव्हतं."

"मग अक्का, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलायला जागा कधी देतोस?"

अम्पाडूची बायको शेजारणीला म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मी कुणाच्या नवऱ्याला फुफू वाढत होते?" शेजारीण खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

सगळे अम्पाडूकडे बघत होते. यंत्र खोटं म्हणावं तर बहीण खोटी पडते आणि अख्खं चर्च हसतं. खरं म्हणावं तर खोली जाते आणि शुक्रवारही जातो. त्याने कापड एकदा या खांद्यावर घेतलं, एकदा त्या.

"यंत्र बरोबर आहे," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?" आफ्राकोमाने कानाला हात लावला.

"यंत्र बरोबर आहे म्हटलं. खोली तिची. झालं समाधान?"

गुरुवारच्या रांगेतून एक म्हातारा भीत भीत म्हणाला, "मग मामा, इकडे या ना. जागा आहे." त्यांच्याकडे जागा नेहमीच असायची. अम्पाडूने कापड कमरेला खोचलं. मग सरळ शुक्रवारच्या ढिगाकडे गेला आणि आपले केळीचे घड उचलू लागला.

"मामा, ते आमचे आहेत," शुक्रवारवाले ओरडले.

"माणूस गेला तिकडे केळी गेली."

आणि ढोल वाजायला लागला तसा तो डोक्यावर घड घेऊन गुरुवारवाल्यांच्या पुढे असा नाचला, की बिचारे गुरुवारवाले घाबरून दुप्पट नाचले आणि घरी धावत जाऊन कोंबड्या घेऊन आले. त्या वर्षी गुरुवार जिंकला. भांडी शुक्रवारवाल्यांनी घासली, आणि अम्पाडू मागे उभा राहून कुठलं पातेलं नीट निघालं नाही ते सांगत होता.

दुफीची खोली दुफीकडेच आहे. तरी मामाची एक खुर्ची शेवटी आत शिरलीच. दुपारी तो येऊन त्या खुर्चीवर बसतो, पंख्याखाली, आणि गिऱ्हाइकांना यंत्र कसं चालतं ते समजावतो. दुफीने खुर्चीच्या पाठीवर खडूने शून्य काढलंय.

"हे काय?" त्याने विचारलं होतं.

"पहिल्या मानकऱ्याची जागा, मामा."

तो खूश झाला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीवर बसू देत नाही. शून्य म्हणजे रविवार, आणि आता पोरीने त्याला तिसऱ्याच वारी नेऊन बसवलंय, हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. मी सांगणार नाही. निदान पुढच्या हार्वेस्टपर्यंत तरी.