ट्रेवरचा रुमाल

मैत्रिणींनो, उन्हाळा कसा चाललाय म्हणून ग्रुपवर विचारत होतात. आळसात चाललाय. जेवणानंतर एक आंबा खाते, दुपारभर कूलरसमोर बसते आणि शाळेत सिस्टरांनी शिकवलेला क्रोशा विणते.

लातूरची माझी बहीण फाल्गुनात गेली. तिने चहाच्या ट्रेवर टाकायला एक रुमाल विणायला घेतला होता. तो अर्धवट राहिला, म्हणून पूर्ण करायला मी नांदेडला घेऊन आले.

आज सकाळी शेजारची सुनंदा आली. तिने तो रुमाल जेवणाच्या टेबलावर पसरला, तर चारी बाजूंनी फरशीला टेकला.

"अगं बाई! मावशी, हे काय करून राहिलात? लग्नाचा मांडव घालायचा हाय काय?"

मीही हसले. ट्रेपुरता तो केव्हाच झाला होता. माझ्या लक्षातच आलं नाही. अजून मला रडू आलेलं नाही. रोज दोन फेऱ्या विणते, एवढंच.

"आता गाठ मारा अन् दोरा कापा," सुनंदा म्हणाली.

मी कात्री घेतली आणि परत ठेवली.

या आठवड्यात कुणी घरी येता का? चहा करते. तेवढी गाठ तुम्ही मारा.